बाळाच्या दुधासाठी बाटलीतलं पाणी: सीलबंद असलं तरी उकळायचं का?

डॉक्टरांनी बाळाला वरचं दूध द्यायला सांगितलं की पावडरच्या डब्याबरोबर सीलबंद पाण्याच्या बाटल्यांचा खोकाही घरात येतो. मुंबईत तर हे आता ठरूनच गेलं आहे. विचार सरळ असतो: नळाच्या पाण्याचा भरवसा नाही, बाटली बंद आहे, तेव्हा बाळाला तेच चांगलं. मग सून ते पाणी पातेल्यात ओतून गॅसवर ठेवते आणि सासूबाई विचारतात, “अगं, ते शुद्धच असतं ना? परत कशाला उकळतेस?”

प्रश्न अगदी रास्त आहे. पैसे मोजून घेतलेलं पाणी परत उकळायचं, तर ते विकत कशाला घ्यायचं? उत्तर असं, की ते उकळायलाच हवं. आणि उकळूनही ते बाळासाठी योग्य आहे की नाही, हे त्या पाण्यात काय विरघळलं आहे त्यावर ठरतं. जंतूंचा प्रश्न वेगळा आणि विरघळलेल्या क्षारांचा वेगळा. घरोघरी या दोन गोष्टींची गल्लत होते, म्हणून हा लेख.

त्याआधी एक गोष्ट सांगून टाकते. पहिले सहा महिने बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मुंबईच्या मे महिन्यातल्या उकाड्यातही तो लागू पडतो, कारण आईच्या दुधात पाणी भरपूर असतं. पण काही आयांना दूध पुरत नाही, काहींना औषधांमुळे पाजता येत नाही, काही बाळं दत्तक आलेली असतात. अशा घरांनी अपराधी वाटून घ्यायचं काहीच कारण नाही. त्यांना नीट माहिती मिळायला हवी, आणि ती सहसा मिळत नाही.

बाटलीवरच्या खुणा

भारतात सीलबंद पाण्याचे दोन प्रकार आहेत. आपण रोज बघतो ती बहुतेक बाटली ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असते. तिचं मानक आयएस १४५४३. हे पाणी कुठूनही घेतलेलं चालतं, बोअरवेल, नदी, पालिकेचा नळ, अगदी समुद्रसुद्धा. अट एवढीच की प्रक्रिया करून ते ठरलेल्या मर्यादांत बसलं पाहिजे. दुसरा प्रकार ‘पॅकेज्ड नॅचरल मिनरल वॉटर’, मानक आयएस १३४२८. हे नैसर्गिक स्रोताचं पाणी असतं आणि त्यातले मूळ क्षार बदलायचे नसतात. हा प्रकार महाग मिळतो, म्हणून बाळासाठी तो जास्त चांगला असेल असं वाटतं. प्रत्यक्षात उलट काळजी घ्यावी लागते. त्यात एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला १५० ते ७०० मिलिग्रॅम चालतात. साध्या पॅकेज्ड पाण्याला वरची मर्यादा ५०० ची आहे.

पूर्वी या दोन्ही प्रकारांना आयएसआय चिन्ह सक्तीचं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ती सक्ती काढली. नंतर महिना-दीड महिन्यातच सीलबंद पाणी ‘जास्त जोखमीच्या’ अन्नाच्या यादीत घातलं, म्हणजे कारखान्यांची दरवर्षी तपासणी आणि बाहेरच्या संस्थेकडून ऑडिट आलं. त्यामुळे आयएसआय नसलेली बाटली आता बेकायदा ठरत नाही, पण एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक मात्र हवाच. माझं मत विचाराल तर बाळाच्या बाबतीत दोन्ही असलेलीच बाटली घ्यावी. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे. चिन्ह नुसतं छापणं सोपं असतं, क्रमांक जुळणं अवघड.

पण या दोन्ही मानकांत ‘बाळाच्या आहारासाठी योग्य’ असा वेगळा वर्गच नाही. जे पाणी ऑफिसात तुम्ही-आम्ही पितो त्याचीच मर्यादा तान्ह्या बाळाला लागू होते. पुढचं सगळं इथून सुरू होतं.

‘पास’ झालेलं पाणी निर्जंतुक नसतं

आयएस १४५४३ मधल्या जंतूंच्या चाचण्या कडक आहेत. २५० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, साल्मोनेला, शिगेला, कॉलराचे जंतू, स्युडोमोनास एरुजिनोसा यांतलं काहीही सापडता कामा नये. एवढं वाचून पाणी निर्जंतुक आहे असं वाटेल. पण त्याच मानकात एकूण जिवाणूंसाठी वेगळी ओळ आहे: ३७ अंश तापमानात २४ तास वाढवून पाहिलं तर एका मिलिलिटरमागे २० पर्यंत जिवाणू चालतात. २०-२२ अंशांवर ७२ तास ठेवून पाहिलं तर १०० पर्यंत.

म्हणजे मानकात पूर्ण बसणाऱ्या पाण्यातही, ९० मिलिलिटरच्या एका फीडमागे पहिल्या हिशेबाने अठराशेपर्यंत जिवंत जिवाणू असू शकतात. मोठ्या माणसाला त्याने काही होत नाही. पाण्यात राहणारे हे साधे जीव असतात, आपलं पोट त्यांना पुरून उरतं. महिनाभराच्या बाळाचं, त्यातही वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं, तसं नसतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००७ मध्ये पावडरचं दूध बनवण्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत स्पष्ट लिहिलं आहे की बाटलीतलं पाणी निर्जंतुक नसतं, ते उकळूनच वापरा. अमेरिकेत तर बाळांसाठी म्हणून विकलेलं पाणी निर्जंतुक नसेल, तर तसं बाटलीवर ठळक छापावं लागतं.

आता यातला कमी माहीत असलेला भाग. पाणी उकळून पार थंड केलं आणि मग त्यात पावडर घातली, तर अर्धंच काम झालं. कारण पावडरसुद्धा निर्जंतुक नसते. नावाजलेल्या कंपनीची असो, डबा नुकताच उघडलेला असो. कोरड्या पावडरमध्ये क्रोनोबॅक्टर साकाझाकी नावाचा जिवाणू महिनोन्‌महिने तग धरून राहू शकतो. त्याचा संसर्ग फार क्वचित होतो, पण झाला तर तान्ह्या बाळाच्या रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात होतो आणि जिवावर बेतू शकतो. पावडरमधले जंतू मारायचे तर पावडरवर पडणारं पाणी निदान ७० अंश सेल्सियस गरम हवं. २००७ च्या त्या तत्त्वांचा गाभा हा आकडा आहे.

आपल्याकडे अनेक डब्यांवर ‘पाणी उकळून कोमट करा’ अशी सूचना असते. कोमट म्हणजे साधारण ४० अंश, आणि जंतूंना ते मानवतं. डब्यावरची सूचना आणि ७० अंशांचा सल्ला यांत फरक दिसला तर बालरोगतज्ज्ञांना सरळ विचारा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं, कमी वजनाचं किंवा वेळेआधी जन्मलेलं असेल तर नक्कीच विचारा.

उकळून न जाणाऱ्या गोष्टी

जंतू उष्णतेने मरतात. नायट्रेट, सोडियम, फ्लोराइड, शिसं हे मरणारे नव्हेत, ते पाण्यात विरघळलेले असतात. पाणी उकळून आटलं की उलट तेवढंच नायट्रेट कमी पाण्यात उरतं, म्हणजे प्रमाण वाढतं. ‘वीस मिनिटं उकळा’ हा जुना सल्ला बाळाच्या पाण्यासाठी म्हणूनच मला पटत नाही. खळखळून उकळी फुटली, मिनिटभर तशीच राहू दिली, की जंतूंचं काम झालं. त्यापुढे फक्त पाणी आटतं आणि गॅस जळतो.

मोठ्यांसाठीच्या मर्यादा बाळाला का पुरत नाहीत, ते एका हिशेबात कळतं. पिण्याच्या पाण्याच्या मर्यादा ठरवताना जागतिक आरोग्य संघटना ६० किलोचा माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो असं धरते, आणि वरच्या दुधावरचं ५ किलोचं बाळ पाऊण लिटर. वजनाच्या हिशेबात माणसाच्या वाट्याला किलोमागे ३३ मिलिलिटर येतात, बाळाच्या वाट्याला १५०. साडेचार पट. मोठ्या माणसाला याच प्रमाणात पाणी प्यायचं झालं तर दिवसाला नऊ लिटर प्यावं लागेल. शिवाय आपण चहा घेतो, ताक पितो, भाजी-फळं खातो. बाळ रोज तेच पाणी पितं, आणि सगळं त्याच्या कोवळ्या मूत्रपिंडांतून जातं.

नायट्रेटची गोष्ट यात सगळ्यांत जुनी. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली नावाच्या डॉक्टरांनी शेतावरच्या घरांतली काही बाळं तपासली. ती निळसर पडत होती, पण हृदयात दोष सापडत नव्हता. त्यांचं दूध घराच्या विहिरीच्या पाण्यात बनवलं जात होतं आणि त्या विहिरींत नायट्रेट फार होतं. नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बदलतं की त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. मोठ्यांच्या शरीरात हा बिघाड दुरुस्त करणारं एन्झाइम पुरेसं असतं. पहिल्या काही महिन्यांत बाळाकडे ते कमी असतं, पोटातलं आम्लही कमी असतं, त्यामुळे नायट्रेटचं नायट्राइट करणारे जिवाणू तिथे फोफावतात.

भारतात साध्या पॅकेज्ड पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, मिनरल वॉटरमध्ये ५०. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही ५० आहे आणि ती ठरवताना बाळांचा विचार केलेला आहे, त्यामुळे आपला आकडा चुकीचा म्हणता येणार नाही. पण जर्मनीने आणखी पुढचा विचार केला. तिथे बाटलीवर ‘बाळाच्या आहारासाठी योग्य’ असं लिहायचं असेल तर नायट्रेट १० मिलिग्रॅमच्या आत हवं. सोडियम २० च्या आत, फ्लोराइड ०.७ च्या आत, आर्सेनिक ०.००५ च्या आत आणि युरेनियम ०.००२ च्या आत.

आपल्याकडे साध्या पॅकेज्ड पाण्यात सोडियम २०० पर्यंत चालतं, जर्मनीच्या बाळ-मर्यादेच्या दहापट. बाळाने दिवसाला पाऊण लिटर पाणी घेतलं तर नुसत्या पाण्यातून १५० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम जाऊ शकतं. पावडरमध्ये ते आधीच मोजून घातलेलं असतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० कॅलरींमागे २० ते ६० मिलिग्रॅम, म्हणजे पाऊण लिटर दुधात साधारण १०० ते ३०० मिलिग्रॅम. कंपनी हे मोजमाप पाण्यात फारसं काही नाही असं धरून करते. म्हणून पाणी खारट असेल तर दुधाचं सगळं गणितच बिघडतं. ब्रिटनची आरोग्यसेवाही बाळासाठी बाटलीतलं पाणी शक्यतो वापरू नका असंच सांगते. नाइलाज असेल तर सोडियम २०० च्या आणि सल्फेट २५० च्या आत असल्याचं लेबलवर बघा आणि उकळा, असं तिचं म्हणणं आहे.

सल्फेटबाबत मात्र आपली मर्यादा जर्मनीपेक्षा कडक आहे, २४० च्या जागी २००. तेव्हा आपल्या मानकांत सगळंच ढिसाळ आहे असं समजू नये. शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेइतकीच.

आणखी एक, बहुतेक कारखाने आरओ लावतात. आरओमध्ये सोडियम-नायट्रेट बरंच निघून जातं, त्यामुळे प्रत्यक्ष बाटलीत आकडे मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी असण्याची शक्यता जास्त. माझी तक्रार वेगळी आहे: ते तुम्हाला कळायला मार्ग नाही. साध्या पॅकेज्ड पाण्याच्या लेबलवर सोडियम किती, नायट्रेट किती, हे सहसा छापलेलंच नसतं. मिनरल वॉटरवर क्षारांचे आकडे असतात, ते वाचा. बारीक अक्षरांत असतात, मोबाइलने फोटो काढून मोठे करून बघा. ‘विथ ॲडेड मिनरल्स’ वाचून हुरळून जाऊ नका. बाळाला लागणारी खनिजं पावडरमध्ये आहेत, पाण्यातून जादा द्यायची गरज नाही. अल्कलाइन पाणी, चवीचं पाणी आणि सोडा यांचा तर प्रश्नच नको.

मग मुंबईच्या नळाचं काय?

मुंबईकरांना कदाचित पटणार नाही, पण क्षारांच्या बाबतीत पालिकेचं पाणी बाळासाठी चांगलं आहे. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांत साठलेलं ते पावसाचं पाणी. जमिनीखाली वर्षानुवर्षं मुरलेलं नसल्यामुळे त्यात क्षार कमी असतात. भांडुप आणि पांजरापूरला ते शुद्ध होतं, क्लोरीन मिसळलं जातं.

घोटाळा होतो तो तिथून आपल्या स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर. पाणी ठरावीक वेळच येतं. उरलेला वेळ जलवाहिनी रिकामी, दाब नाही. जुनी वाहिनी कुठे गळत असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर दाब नसताना बाहेरची घाण आत ओढली जाते. मग इमारतीची जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर तासभर वाद होतो, टाकी शेवटची कधी धुतली हे कुणी विचारत नाही. घरात तान्हं बाळ असलेल्या माणसाने सेक्रेटरींना हा प्रश्न जरूर विचारावा आणि तारीख मागावी. टाकीच्या झाकणाला कुलूप आहे का, तेही.

म्हणजे नळाच्या पाण्यात मुख्य भीती जंतूंची, आणि ती उकळून जाते. पावसाळ्यात गॅस्ट्रो आणि काविळीची साथ असतानाही नीट उकळलेलं पाणी सुरक्षित असतं. थेट पालिकेचं पाणी येत असेल, तर ते उकळून वापरणं कुठल्याशा जारपेक्षा मला जास्त भरवशाचं वाटतं.

उन्हाळ्यात पाणीकपात लागली आणि टँकर आला की हे गणित बदलतं. टँकर कुठला, हे कुणाला माहीत नसतं. बोअरवेलचा असेल तर क्षार जास्त असू शकतात, आणि समुद्राजवळच्या भागात बोअरवेलचं पाणी खारट निघतं. इमारतीत बोअरवेल आणि पालिकेचं पाणी एकाच टाकीत सोडत असतील तर तेही विचारून घ्या. अशा वेळी उकळण्याने भागत नाही. तेव्हा आयएसआय चिन्हाची सीलबंद बाटली हा खरोखर बरा पर्याय आहे, अर्थात उकळून.

बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुलींसाठीही हेच. विदर्भ-मराठवाड्यातल्या बऱ्याच विहिरी-बोअरवेलांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त सापडतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागांत फ्लोराइडचा त्रास जुना आहे, दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडलेली माणसं तिथे गावोगाव दिसतात. ‘आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे’ ही जिभेची साक्ष झाली. नायट्रेटला चव नसते. बाळाचं दूध त्या पाण्यात करायचं असेल तर आधी पाणी तपासून घ्या.

आता वीस लिटरचा जार. त्यात दोन जाती आहेत. एकाला कंपनीचं सील, लेबल, तारीख, बॅच क्रमांक असतो. दुसरा म्हणजे लग्नकार्यात आणि दुकानांत येतो तो थंड पाण्याचा कॅम्पर, त्यावर ना सील ना लेबल. त्यावर कुठलंच मानक छापलेलं नसतं, म्हणून बाळाच्या दुधात तो कधीच नको. सीलचा जारही एकदा उघडला की आठवडाभर डिस्पेन्सरवर उलटा बसतो. डिस्पेन्सरची नळी आतून बुळबुळीत होते, तो बुळबुळीत थर म्हणजे जिवाणूंची वसाहत. आमच्या इमारतीत पाणी टाकायला येणाऱ्या दादांना मी विचारलं, जार कुठे ठेवता? ते म्हणाले, “ताई, टेम्पोतच असतात, दुपारपर्यंत संपतात.” म्हणजे मे महिन्याच्या उन्हात. प्लॅस्टिक तापलं की त्यातले घटक पाण्यात उतरण्याचा वेग वाढतो. त्यांतल्या अँटिमनीसाठी मानकात लिटरला ०.००५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण ती पाणी भरतानाच्या तपासणीत पाहिली जाते, टेम्पोत नाही. म्हणून बाळासाठी लहान बाटली घ्या, दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या खोक्यातली नको, आणि उघडली की झाकून त्याच दिवशी संपवा.

घरचा आरओ? त्याने क्षार कमी होतात, पण शुद्ध झालेलं पाणी त्याच्याच टाकीत साठून राहतं, म्हणून तेही उकळा. नुसता यूव्ही जंतू मारतो, विरघळलेल्याला हात लावत नाही. आणि गीझरचं किंवा डिस्पेन्सरच्या लाल नळाचं गरम पाणी थेट बाटलीत कधीच घेऊ नका. गीझरमध्ये साचलेल्या पाण्यात धातू उतरलेले असू शकतात आणि लाल नळाचं पाणी उकळलेलं असेलच असं नाही.

दूध बनवताना

हात साबणाने धुवा. दुधाची बाटली आणि निपल उकळत्या पाण्यात बुडवून निर्जंतुक केलेले असू द्या. ताजं पाणी घ्या, काल उकळून ठेवलेलं नको. लिटरभर पाणी उकळून झाकून ठेवलं तर ते अर्ध्या तासापर्यंत ७० अंशांच्या आसपास राहतं, म्हणून अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबायचं नाही. ही मोजणी लिटरची आहे. आपण बहुतेक वेळा पेलाभरच पाणी उकळतो, ते पाच-दहा मिनिटांतच खाली येतं. शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा स्वयंपाकघराचा थर्मामीटर एकदा बुडवून बघा, आपल्या पातेल्याचा अंदाज कायमचा येईल.

आधी पाणी, मग पावडर. डब्यातल्याच चमच्याने, सपाट करून, डब्यावर लिहिलंय तेवढीच. दूध पातळ करून डबा चार दिवस जास्त पुरवायचा मोह महागाईत समजण्यासारखा आहे, पण तो फार धोक्याचा आहे. जादा पाण्याने बाळाच्या रक्तातलं सोडियम खाली येतं आणि झटके येऊ शकतात. घट्ट केलं तर मूत्रपिंडांवर ताण.

मग बाटली बंद करून हलवा, वाहत्या नळाखाली किंवा थंड पाण्याच्या भांड्यात धरून गार करा, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा. ही पायरी चुकवायची नाही, ७० अंशांचं दूध बाळाचं तोंड भाजेल. बनवल्यापासून दोन तासांत संपवायचं, उरलेलं ओतून द्यायचं. मुंबईच्या दमट हवेत दूध हे जिवाणूंसाठी ताट वाढून ठेवल्यासारखंच असतं.

प्रवासात दूध बनवून नेऊ नका. थर्मास उकळत्या पाण्याने भरा, मोजलेली पावडर कोरड्या डबीत वेगळी न्या आणि पाजायच्या वेळी मिसळा. लोकलने डोंबिवलीला जायचं असो की कोकण रेल्वेने रत्नागिरीला, चांगल्या स्टीलच्या थर्मासमध्ये पाणी बराच वेळ पुरेसं गरम राहतं. स्टेशनवरची बाटली मोठ्यांसाठी ठेवा.

सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व, पेज, वरणाचं पाणी सुरू होतं. ते शिजतंच, त्यामुळे जंतूंची काळजी कमी. पण नुसत्या पाण्यात कालवायचं तयार सीरियल असेल तर पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. ओआरएसचंही तसंच. आणि बाळगुटी! सहाणेवर उगाळताना घातलेले दोन चमचे पाणी कुणी मोजत नाही, पण बाळाच्या पोटात ते कच्चंच जातं. सहा महिन्यांच्या आत गुटी नकोच, असं डॉक्टर सांगतात. आजींना हे सांगताना घरात जड जातं, तरी सांगायला हवं.

काय मागायचं, तक्रार कुठे करायची

२००३ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्ली आणि मुंबईत विकल्या जाणाऱ्या बाटल्या तपासल्या आणि त्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. ओरड झाली आणि सरकारने नियम कडक केले: कुठलंही एक कीटकनाशक लिटरला ०.०००१ मिलिग्रॅमच्या आत, सगळी मिळून ०.०००५ च्या आत. लोकांनी लावून धरलं की मानक बदलतं. मग सोडियम, नायट्रेट, फ्लोराइड आणि सल्फेट हे चार आकडे प्रत्येक बाटलीवर छापा, ही मागणी अवघड नाही. कारखान्याकडे तपासणीचे आकडे असतातच. त्यापुढे जाऊन बाळासाठी वेगळा वर्ग आणि कडक मर्यादा यायला हव्यात. ज्या शहरात इतक्या घरांत बाळाचं दूध विकतच्या पाण्यात होतं, तिथे ही चैनीची मागणी नाही.

बाटलीत गढूळपणा, वास, तरंगणारं काही दिसलं किंवा सील ढिलं वाटलं तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, त्यांचं मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. परवाना क्रमांक जुळत नसेल तर ‘बीआयएस केअर’ ॲपवरूनच तक्रार नोंदवता येते. नळाला घाण पाणी आलं तर पालिकेचा १९१६. तक्रार करण्याआधी बाटली फेकू नका. उरलेलं पाणी झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, लेबलचा आणि बॅच क्रमांकाचा फोटो काढा, दुकानाचं बिल जपून ठेवा. त्याच बॅचची न उघडलेली बाटली घरात असेल तर तीही तशीच बाजूला ठेवा, कारण उघड्या बाटलीपेक्षा सीलबंद नमुन्याची तपासणी जास्त ग्राह्य धरली जाते.